जुना रोटाव्हेटर

आमच्या वाचक कुटुंबांपैकी पुष्कळांचा शेतीशी संबंध आता सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरता आणि वर्षाकाठी गावाहून येणाऱ्या हळदीपुरताच उरला असेल, हे आम्ही जाणून आहो. तथापि ज्यांच्या घरी मळा अद्याप कसला जातो, अथवा ज्यांचे चिरंजीव नोकरी सोडून वडिलार्जित जमिनीकडे वळण्याचा विचार बोलून दाखवू लागले आहेत, त्यांस जुनी अवजारे विकत घेण्याचा प्रसंग आज ना उद्या येणारच. तो आमच्या घरी गेल्या चैत्रात आला. त्यात आम्ही जे शहाणपणाने केले त्याहून जे मूर्खपणाने केले तेच वाचकांच्या अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा मजकूर लिहीत आहो.

वाईजवळ कृष्णाकाठी आमची पावणेदोन एकर बागाईत आहे. बैलजोडी मागेच गेली. पुतण्याने १८ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतला. परंतु मातीची ढेकळे फोडण्याचे काम भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरवरच चाले. त्यात अडचण अशी की, वाफसा सर्व शिवारात एकाच वेळी येतो आणि भाड्याचा ट्रॅक्टर सर्वांकडे एकाच वेळी येऊ शकत नाही. आमची पाळी येईतो जमीन वाळून दगड होई. तेव्हा स्वतःचा रोटाव्हेटर असावा, व नव्याची किंमत झेपण्यासारखी नसल्याने जुना पाहावा, असे घरात ठरले.

या अवजाराचा जनक ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड. १९१२ साली वडिलांच्या शेतावर वाफेच्या ट्रॅक्टरची शक्ती वापरून फिरत्या पात्यांनी माती उकरण्याचे प्रयोग त्याने आरंभिले. प्रथम पाती माती बाजूस उडवीत. पुढे त्याने ती इंग्रजी एल अक्षराप्रमाणे वाकविली, तेव्हा यश आले, आणि १९२० साली त्याने पेटंट मिळविले. रोटाव्हेटर हे नाव इंग्रजीत उलट वाचले तरी तेच राहते. किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात भारवीने असली अक्षरांची कसरत करून दाखविली आहे. परंतु ढेकळे फोडणाऱ्या यंत्राच्या नावात ती आढळावी, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. असो.

पहिला मोह आम्हांस पडला तो एका पाच फुटी यंत्राचा. ते मोठे आणि तरीही स्वस्त! सूनबाई, म्हणजे पुतण्याची पत्नी, कृषी महाविद्यालयाची पदवीधर आहे. ती म्हणाली, "काका, ते आपल्या ट्रॅक्टरला ओढवणार नाही. आपल्या चाकांच्या खुणा पुसल्या जातील एवढीच रुंदी पुरे." त्याप्रमाणे तीन फुटी शोधला आणि २८,००० रुपयांस ठरविला. पाहताना गिअर बॉक्सचे झाकण उघडून तेलात बोट बुडविले. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले असे समजावे. बोटास चकचकीत कण लागल्यास दाते झिजत आहेत असे समजावे. आमच्याचे तेल काळे होते, पण निर्मळ होते. मग पाती असलेला रोटर हातांनी वरखाली हलवून पाहिला. एका बाजूस तो खडखडला, म्हणजे तेथील बेअरिंग गेलेले. हे दोष दुरुस्त होण्याजोगे म्हणून आम्ही स्वीकारले. बाजूच्या पत्र्यास तडा असता, किंवा रोटर वाकलेला असता, तर परत आलो असतो.

ट्रॅक्टरची शक्ती यंत्राकडे नेणाऱ्या दांड्यावर काहीच आच्छादन नाही, हे सूनबाईने तेथेच दाखविले. विकणारा हसून म्हणाला, "ते प्लास्टिकचे नळकांडे नुसते आड येते हो, गुरुजी. ग्रीस घालायला त्रास. पहिल्याच वर्षी काढून टाकले." आम्हांसही ते पटले. पैशाला किती वाटा फुटणार हे दिसतच होते. आच्छादन दिवाळीनंतर पाहू, असे आम्ही म्हटले. सूनबाई वडीलधाऱ्यांपुढे अधिक बोलली नाही.

यंत्र मिस्त्रीकडे गेले. त्याने बाजूचे बेअरिंग खोलताच आतून ठिबकाच्या नळीचे तुकडे, खताच्या गोण्यांचे दोरे आणि कुजके तण यांचा मुठीएवढा बोळा निघाला. दोरा फिरत्या रोटरास गुंडाळतो, हळूहळू कडेस सरकतो, ऑइल सील कापतो. मग तेल गळते, माती आत शिरते, आणि बेअरिंग जाते. एवढा सारा नाश एका सुतळीपासून! शेतात यंत्र घालण्यापूर्वी दोरे वेचण्याचे काम तेव्हापासून आमच्याकडे आहे, व ते वयास शोभण्याजोगे आहे.

पाती वीसही झिजलेली होती. कृषिपराशर या ग्रंथात नांगराची अंगे आठच सांगितली आहेत. येथे नुसत्या पात्यांचे बोल्टच चाळीस, आणि त्यांतील निम्मे गंजून बसलेले. मिस्त्रीने ते गॅसच्या ज्योतीने तापवून सोडविले. नवी पाती पुतण्याने घरीच बसविली आणि तेथे फसला. पात्यांत डावी व उजवी असा भेद असतो, व ती सर्व एकदम जमिनीवर न आपटता एकामागून एक शिरावीत म्हणून मळसूत्राच्या क्रमाने लावावी लागतात. शिवाय धारेची बाजू मातीत आधी शिरली पाहिजे. त्याने चार पाती उलटी लावली होती, ती पुन्हा काढावी लागली. काढण्यापूर्वी जुन्या पात्यांचे चित्र कागदावर काढून ठेवले असते, तर एक दुपार वाचली असती.

ट्रॅक्टरला अवजार तीन बिंदूंवर जोडण्याची रीत हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने प्रचारात आणली. सपाट जागी ट्रॅक्टर मागे घेऊन आधी डावा खालचा दांडा अडकवावा, कारण तो हलवून जुळवता येत नाही. नंतर उजवा, ज्याची उंची मळसूत्राने कमीजास्त होते. शेवटी वरचा, ज्याने यंत्राचा कल ठरतो. येथवर सर्व सुरळीत झाले. शक्तीचा दांडा मात्र आधीच्या मोठ्या ट्रॅक्टरचा असल्याने लांब पडला. हा दांडा एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. यंत्र वर उचलताना व खाली सोडताना तो ज्या स्थितीत सर्वांत आखूड होतो, तेथेही त्यास सरकण्यास थोडी जागा हवी. नाहीतर तो गिअर बॉक्सवर घणासारखा आदळतो. मिस्त्रीने दोन्ही नळ्या सारख्याच, तीन तीन बोटे कापल्या, आणि दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवले.

मग चाचणी. पुतण्या ट्रॅक्टरवर, यंत्र जमिनीपासून वीतभर उचललेले, इंजिन अर्ध्या गतीवर. नव्या बेअरिंगचा आवाज ऐकावा म्हणून आम्ही वाकलो. खांद्यावर उपरणे होते. त्याचे टोक दांड्यास कधी लागले, ते आम्हांस दिसलेच नाही. मानेस एक जोराचा चटका बसला, आणि उपरणे नाहीसे झाले. सूनबाई ओरडली, पुतण्याने क्लच पूर्ण दाबला, यंत्र थांबले. आमचे उपरणे दांड्यावर इतके घट्ट बसले होते की, ते विळ्याने कापून काढावे लागले. गळ्यास वेढा न देता ते आम्ही नुसते खांद्यावर टाकले होते, म्हणून हा लेख लिहिण्यास आम्ही आहो.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मनाशी गणित मांडले. हा दांडा पूर्ण गतीवर मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास ९. जाडी ५ सेंटीमीटर धरली तर परीघ सुमारे १५.७ सेंटीमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे १४१ सेंटीमीटर कापड गुंडाळले जाते. आमचे उपरणे दोन मीटरांचे. त्यास दीड सेकंदही लागत नाही. कापड गुंडाळत जाईल तशी जाडी वाढते, आणि ओढही वाढते. "अरे, थांबव" हे शब्द उच्चारण्यास किती वेळ लागतो, हे वाचकांनी घड्याळ लावून पाहावे. चाळीस वर्षे मुलांकडून परीघाची उदाहरणे सोडवून घेतली; हे उदाहरण मात्र आम्हांस विकत घेतेवेळी सुचले नाही.

दुसरे दिवशी सकाळीच आच्छादन आणविले. किंमत १,३०० रुपये. यंत्र, पाती, बेअरिंग, सील व मजुरी मिळून ३४,६०० खर्च झाले होते. म्हणजे एकूण खर्चात त्याचा वाटा रुपयास पावणेचार पैसेही नव्हे. आम्ही दिवाळीनंतर ढकलले ते एवढेच. दांडा कापला तेवढेच आच्छादनही कापावे लागते. त्याच्या दोन्ही टोकांस बारीक साखळ्या असतात, त्या ट्रॅक्टरच्या व यंत्राच्या स्थिर भागास अडकवाव्यात. तसे न केल्यास आच्छादन दांड्याबरोबर फिरू लागते आणि असून नसल्यासारखे होते. इंजिन बंद असता ते हाताने सहज फिरले पाहिजे. ट्रॅक्टरच्या बाजूस दांडा जेथे जोडला जातो, तेथील लोखंडी टोपही पुष्कळ लोक काढून टाकतात. आमचा सुदैवाने गोठ्यात सापडला.

आच्छादन लागले म्हणून उपरणे पुन्हा आले नाही. यंत्र सुरू असता धोतर, पदर, ओढणी, सुटी वेणी यांपैकी काहीही जवळ येऊ द्यायचे नाही, हा नियम सूनबाईने केला. ती स्वतः ट्रॅक्टर चालविते, तेव्हा सलवारीचे पाय बांधून व केसांस रुमाल गुंडाळून बसते. यावर घरातील वडील बायकांनी प्रथम नाक मुरडले होते. आता मुरडत नाहीत. पात्यांतील तण काढायचे असल्यास इंजिन बंद, किल्ली काढणाऱ्याच्या खिशात, आणि उचललेल्या यंत्राखाली लाकडी ठोकळे. मुलांस चाकाच्या मडगार्डवर बसवून हिंडविण्याची आमच्याकडे जुनी हौस होती, तीही बंद झाली.

काम उत्तम होते. माती ओली असता मात्र यंत्र घालू नये. चिखल लिंपल्यासारखा होतो व पुढे त्याचे खडे बनतात. वाफशावरही एकच पाळी पुरे. पीठ झालेली माती दिसण्यास सुंदर दिसते, पण पहिल्या पावसात तिचा वर पापुद्रा धरतो. आणि वर्षानुवर्षे तेवढ्याच खोलीवर पाती फिरल्यास खाली टणक थर बसतो, म्हणून दोनतीन वर्षांनी खोल नांगरट करावीच. पहिले दोन तास काम झाल्यावर आम्ही चाळीसही बोल्ट पुन्हा आवळून पाहिले. तीन ढिले निघाले.