तिच्या देहाचा कौल

तिसरा महिना सरत आलेला असतो. सकाळी तोंडात ब्रश घातला की उलटी, डाळीला फोडणी पडली की उलटी, लोकलमध्ये शेजारणीच्या गजऱ्याचा वास आला तरी उलटी. पर्समध्ये आवळासुपारीच्या डबीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्यांची घडी. वजन वाढायला हवे ते घटलेले आणि मनगटावर सलाइनच्या सुईचे निळे डाग. ती म्हणते, ‘मला आता नाही जमत. नोकरी सोडते.’ तो म्हणतो, ‘थोडे दिवस ओढ. पुढे रजा आहेच ना? एका पगारात हप्ता कसा भरायचा?’ सासूबाई मधे पडतात, ‘आमच्या वेळी कुठे होत्या रजा?’ ठाण्यात, पिंपरीत, नाशकात असा संवाद आज कितीतरी घरांत चालला असेल. नवरा-बायकोच्या वादात वर्तमानपत्राने का पडावे, असे कुणी विचारील. पडायला हवे, कारण हा वाद त्या दोघांनी निर्माण केलेला नाही. तो कायद्याने आणि कचेऱ्यांनी त्यांच्या घरात आणून टाकला आहे.

आधी घराबद्दल. त्या नवऱ्याला आम्ही खलनायक मानत नाही. दोन पगार गृहीत धरून कर्ज काढले, बँकेनेही दोघांचे उत्पन्न पाहूनच मंजूर केले. त्यात बाळंतपणाचा खर्च, कदाचित सिझेरियन, कदाचित बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ. त्याची भीती खरी आहे. पण घरखर्चाची चिंता आणि शरीराला होणारा त्रास यांना एकाच तराजूत घालून ‘दोघांचे मत सारखे’ म्हणता येत नाही. हप्त्याची मुदत बँकेशी बोलून लांबवता येते, दागिना गहाण ठेवता येतो, भावाकडे हात पसरता येतो. धडधाकट शरीर कुणाकडून उसने घेता येत नाही. काम करवते की नाही हे ज्या देहाला ठाऊक, त्याच देहाचा कौल अखेरचा मानला पाहिजे.

आपल्या कायद्यानेही हे तत्त्व एका फार मोठ्या प्रश्नात मान्य केले आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सांगितले. गर्भाचा निर्णय जिच्या हाती सोपवला, तिला आठ तास खुर्चीवर बसवते की नाही हे सांगायला मात्र घराची मंजुरी लागावी, याला काय अर्थ आहे?

‘सगळ्यांनाच होतं’ हे वाक्य या वादात हमखास येते आणि तेच सर्वांत घातक असते. सगळ्यांना होते ती मळमळ वेगळी, पाण्याचा घोटही पोटात ठरू न देणारा आजार वेगळा. या आजारामागे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक आहे, असे दाखवणारे संशोधन डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गर्भाकडून ते आईच्या रक्तात येते आणि ज्या स्त्रीच्या शरीराला आधीपासून त्याची फारशी सवय नसते, तिला ते अधिक बाधते. या कामात पुढे असलेल्या मार्लेना फेझो यांनी स्वतः हाच आजार भोगला होता. १९९९ मध्ये त्यांचे मूल त्यात गेले आणि त्यांच्या त्या वेळच्या डॉक्टरांना त्यांचा त्रास खरा वाटला नव्हता. वैज्ञानिक स्त्रीवर जिथे विश्वास ठेवला गेला नाही, तिथे बँकेतल्या कारकुनाची किंवा एसटीतल्या वाहकाची काय कथा? वार खाली असणे, अंगावरून जाणे, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागणे, बीपी चढून पायांवर आणि चेहऱ्यावर सूज येणे, यांतले काहीही चार दिवस ओढून काढण्याजोगे नाही.

इथे डॉक्टरांनाही दोन शब्द सांगायला हवेत. ‘बेडरेस्ट’ एवढा एक शब्द चिठ्ठीवर लिहून त्यांची जबाबदारी संपत नाही. नुसते पलंगावर पडून राहिल्याने अकाली बाळंतपण टळते, असा भक्कम पुरावा वैद्यकशास्त्राकडे नाही. उलट, फार दिवस पडून राहिल्यास पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणजे काम सोडणे वेगळे आणि अंथरूण धरणे वेगळे. कोणते काम नको, प्रवास नको की उभे राहणे नको, किती आठवडे नको आणि कोणत्या निदानामुळे नको, हे कागदावर स्पष्ट लिहून मिळाले तर घरातला अर्धा वाद तिथेच मिटेल. आणि त्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावे, बाहेरच्या बाकावर मोबाइल पाहत न बसता आत जाऊन ऐकावे. बायकोने घरी येऊन सांगितलेला धोका त्याला कुरकुर वाटतो, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला मात्र खरा वाटतो. हे बरे नाही, पण आज तरी असेच आहे.

आता कायद्याकडे वळू. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये दुरुस्त झाला आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. तिचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण या २६ पैकी बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठच आठवडे घेता येतात. म्हणजे ही रजा साधारण ३२ व्या आठवड्याला उघडते. गर्भारपणामुळे आजार झाला तर पुराव्यानिशी आणखी एक महिना पगारी रजा मिळते. अवघड काम किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे काम नाकारण्याचा हक्कही आहे, पण तो शेवटच्या दहा आठवड्यांच्या आसपासच लागू होतो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच चौकट ठेवली आहे. गर्भारपण जड जाते ते फक्त शेवटी, असे या कायद्याने गृहीत धरले आहे. मग जिला बाराव्या आठवड्यातच डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितले, तिने काय करावे? ३२ व्या आठवड्यापर्यंत वीस आठवडे उरतात. आजारपणाचा महिना वजा केला तरी सोळा. एवढी किरकोळ आणि आजारपणाची रजा किती जणींच्या खात्यावर असते? याच सोळा आठवड्यांत ती म्हणते ‘सोडते’ आणि तो म्हणतो ‘ओढ’.

अशा रजेचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न मुंबईत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि स्त्रियांच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकानेही त्यातून अंग काढू नये, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. आज कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत रजेचा सगळा पगार एकट्या मालकाच्या माथी आहे. त्यामुळे छोटा मालक तरुण विवाहितेला कामावर घेतानाच बिचकतो. सरकारने आपला वाटा उचललाच नाही.

तो उचलता येतो. जर्मनीत डॉक्टर गर्भारपणाच्या कोणत्याही महिन्यात कामबंदीचा दाखला देऊ शकतात आणि त्या स्त्रीला सरासरी पगार पूर्ण मिळत राहतो. तो पैसा मालकाला आरोग्य विमा निधीतून परत मिळतो आणि त्या निधीत सगळे मालक वर्गणी भरतात, ज्यांच्याकडे फक्त पुरुष काम करतात तेही. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आपल्या मुलींना हे माहीत आहे. महाराष्ट्रात कल्याण मंडळांची आणि वर्गणीच्या निधींची परंपरा जुनी आहे. राज्याने असा निधी उभारावा, आठ आठवड्यांची अट वैद्यकीय दाखल्यावर शिथिल व्हावी आणि आजारपणाच्या रजेला एका महिन्याचे कुंपण नसावे. कायद्यातल्या या बदलांची मागणी केंद्राकडे लावून धरण्याचे काम आपल्या खासदारांचे आहे.

तोवर त्या घरातल्या तिला एक कळकळीचे सांगणे. राजीनामा हा पहिला कागद नसावा. आधी आजारपणाची रजा, मग बिनपगारी रजा, मग घरून काम किंवा बदली, यांचे अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. गर्भारपणाच्या रजेत असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याला ते कवच नाही आणि कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही सहसा नोकरीबरोबरच संपतो. एवढे करूनही शरीर नाही म्हणत असेल आणि कचेरी ऐकत नसेल, तर सोडावी नोकरी, नवरा राजी असो वा नसो. पुन्हा मिळेल की नाही याची खात्री नाही, आर्थिक ओढाताण होईल, हे सारे कबूल करून आम्ही हे म्हणतो. आणि जिचा देह साथ देतो आहे, जिला काम करायचे आहे, तिला ‘बाळापेक्षा नोकरी मोठी का?’ असे विचारून घरी बसवणाऱ्यांनाही हाच न्याय लागू आहे.

पण जिच्याकडे अर्ज द्यायला कचेरीच नाही, तिचे काय? बीड, जालना, धाराशिवातून दरवर्षी ऊसतोडीला निघणारे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल जोडीच्या नावावर दिलेली असते. तिने एक दिवस बसून काढला की खाडा पडतो आणि दंड दोघांच्या हिशेबात धरला जातो. सहाव्या-सातव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढणाऱ्या बाईला तिचा नवरा थांबवू पाहत नाही, कारण ती थांबली तर उचल फिटत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीचा, दुखण्याचा खाडा पडू नये ही धास्ती त्यामागे होती, हे तेव्हा साऱ्या राज्याने ऐकले. गर्भारपणाचा खाडा अजून दंडाच्या वहीतच आहे. दसऱ्याच्या आगेमागे टोळ्या फडाकडे निघतील. त्याआधी मुकादम आणि कारखाना यांच्या करारात साखर आयुक्तालयाने एक कलम घालावे: गर्भार बाईचा खाडा धरायचा नाही, ती कामावर नसेल तेवढ्या दिवसांची तिची मजुरी कारखान्याने आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने निम्मी निम्मी भरायची, आणि ती उचलीतून वळती करायची नाही.