मोटारीचे फ्यूज व त्यांचीं घरें

घरांतील दिवे गेले म्हणजे मेणबत्ती धरून फ्यूज बांधावयास उठणारा एक तरी गृहस्थ पूर्वीं प्रत्येक घरीं असे. चिनी मातीचें कटआउट ओढावें, जळालेली तार काढावी, नवी बांधावी, आणि माडीवरून मुलांची आरोळी ऐकूं आली कीं हात झटकून स्टुलावरून खालीं उतरावें, एवढा तो विधि होता. आतां बहुतेक घरीं त्या जागीं खटका आला आहे व तो कसबी गृहस्थ निवृत्त झाला आहे. परंतु त्याच घराच्या दारांत जी सेडान मोटार उभी असते, तिच्या पोटांत मात्र डझनावारी फ्यूज आहेत, आणि ते नेमके कोठें आहेत हें तींतून नित्य हिंडणाऱ्या मंडळींपैकीं एखाद्यालाच ठाऊक असतें. भर पावसांत, घाटांत, रात्रीं वायपर थांबला म्हणजे ही विद्या शिकण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून ह्या वेळीं आम्हीं हा विषय घेतला आहे.

बहुतेक सेडान मोटारींत फ्यूजांच्या पेट्या दोन असतात. एक बॉनेटखालीं, बॅटरीच्या शेजारीं. काळ्या झाकणाची, कडांना दाबून उघडावयाच्या चापा असलेली. दुसरी आंत, आपल्याकडील मोटारींत बहुधा चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशीं, डॅशबोर्डच्या खालच्या अंगास. कांहीं मोटारींत ती डावीकडील कप्प्याच्या मागें दडविलेली असते, व कप्पा काढल्यावांचून दिसत नाहीं; हें करणाऱ्या अभियंत्यानें ती स्वतः रस्त्याच्या कडेला कधीं उघडून पाहिली नसावी असें आम्हांस वाटतें. बॉनेटखालच्या पेटींत मोठ्या भाराचे फ्यूज असतात: रेडिएटरचा पंखा, ब्रेकची ए.बी.एस. व्यवस्था, आणि संपूर्ण मोटारीचा मुख्य फ्यूज. आंतील पेटींत वायपर, दारांचीं कुलपें, आंतला दिवा, रेडिओ, मोबाईल चार्ज करण्याचें सॉकेट असे घरगुती विषय असतात. परंतु ही वांटणी प्रत्येक कंपनीची निराळी, किंबहुना एकाच मोटारीच्या दोन सालांतील आवृत्त्यांचीहि निराळी असूं शकते. शेजाऱ्याच्या मोटारीवरून अनुमान करूं नये. झाकणाच्या आंतल्या बाजूस नकाशा छापलेला असतो. नसल्यास मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत तो असतोच. ती पुस्तिका बहुतेकांनीं मोटार घेतल्या दिवशीं पाहिलेली असते, व तेवढ्यावरच तिचें पारायण संपतें.

पेटी सांपडली तरी कोणता फ्यूज गेला हें ओळखणें राहतेंच. येथें हात घालण्यापूर्वीं डोकें चालवावें. काय काय बंद पडलें आहे तें आधीं पाहावें, कारण एका फ्यूजवर पुष्कळदां दोन-तीन उपकरणें असतात. रेडिओ व सॉकेट एकाच वेळीं गेले, तर दोन्हीं स्वतंत्रपणें बिघडलीं असें मानण्यापेक्षां त्यांचा सामायिक फ्यूज शोधावा. उलट, पुढील दोन दिव्यांपैकीं एकच गेला असेल तर बल्ब जळाल्याचा संभव अधिक. तथापि पुष्कळ मोटारींत डाव्या-उजव्या दिव्याला निराळा फ्यूज असल्यामुळें नकाशा पाहून खात्री करून घ्यावी.

मग इंजिन बंद करून, किल्ली फिरवून, पेटींतच ठेवलेल्या लहानशा प्लास्टिकच्या चिमट्यानें फ्यूज सरळ वर ओढावा. लोखंडी पक्कड किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालूं नये. पारदर्शक अंगांतून दोन पात्यांना जोडणारा धातूचा बारीक पूल दिसतो. तो तुटलेला असेल तर फ्यूज गेला. पूल शाबूत असून उपकरण बंदच असेल तर दोष अन्यत्र आहे, व फ्यूज जेथल्या तेथें परत बसवावा. नटांनीं घट्ट केलेले मोठे फ्यूज व एअरबॅगचा फ्यूज ह्यांस मात्र घरीं स्पर्श करूं नये. विजेवर किंवा हायब्रिड पद्धतीनें चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी केबलींसहि हाच नियम.

पात्यांचे हे फ्यूज येण्यापूर्वीं काचेच्या नळ्या असत. २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें त्या अँबॅसडर मोटारीच्या जुन्या आवृत्त्यांत असे मोजकेच फ्यूज होते. त्या ब्रिटिश पद्धतीच्या नळीवर ३५ हा आंकडा असला तरी तो वितळण्याचा आंकडा असे. सतत वाहूं देण्याचा प्रवाह त्याच्या सुमारें निम्मा, १७ अँपियर. आजच्या फ्यूजवर त्याचा नियत प्रवाह लिहिलेला असतो, म्हणून जुन्या हिशेबानें नवा फ्यूज निवडूं नये. शिवाय अक्षरें वाचतां न आलीं तरी रंग बोलतो: ५ अँपियरचा फिकट तपकिरी, साडेसाताचा गडद तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा किंवा रंगहीन, ३० चा हिरवा. आकार लहानमोठे असतात, पण ह्या नेहमींच्या आंकड्यांचे रंग तेच.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिला ती. पुष्कळांस पुढील दिवे मंद वाटतात. मोटारीबरोबर आलेला नेहमींचा बल्ब लांबच्या झोतासाठीं ६० वॅटचा असतो. बाजारांत १०० वॅटचा मिळतो, व तो बसवून देणाराहि मिळतो. हिशेब करून पाहा. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपियर घेतात. १०० वॅटचे दोन सुमारें १७. दोन्ही दिवे एका १५ अँपियरच्या फ्यूजवर असले तर तो लगेच उडेल असें नाहीं. थोडा अधिक भार तो कांहीं काळ सोसतो, आणि मग एखाद्या रात्रीं उडतो. तेव्हां कोणी तरी अनुभवी मनुष्य २० चा, ३० चा किंवा चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळून जुनाच फ्यूज बसवितो, दिवे लागतात, आणि त्याच्या चातुर्याची घरांत वाखाणणी होते. पण वायर तीच राहिली. तिची जाडी १५ अँपियरच्या हिशेबानें ठरविलेली होती. आतां सर्वांत अशक्त दुवा फ्यूज नसून ती वायर आहे, आणि ती डॅशबोर्डमागें, कापूस व प्लास्टिकच्या अस्तरांत, कोणास दिसणार नाहीं अशा ठिकाणीं तापते. फ्यूज जळतो तो पेटींत. वायर जळते ती मुलें मागच्या बाकावर झोपलेलीं असतांना.

‘बारा व्होल्टांत काय आहे, धक्का तर बसत नाहीं’ हा युक्तिवाद वडील मंडळींकडून ऐकूं येतो. धक्का बसत नाहीं हें खरें. परंतु मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करितांना शंभराहून अधिक अँपियर देते, व शॉर्ट झालेली वायर लाल करण्यास ती पुरेशी आहे. घरीं फ्यूजची तार जरा जाड बांधण्याची जी संवय कांहीं घरांतून होती तिचें मोटारींत अनुकरण करणें म्हणूनच घातक.

सॉकेटचा फ्यूज सर्वांत अधिक वेळां जातो. कारण बहुधा क्षुल्लक असतें: आंत पडलेलें नाणें, अथवा चाकांत हवा भरण्याचा पंप. सॉकेटवर १२० वॅट लिहिलेलें असलें तर तें १० अँपियर एवढेंच देऊं शकतें. नाणें काढण्यापूर्वीं फ्यूज ओढून घ्यावा.

एखाद्या रविवारीं, उजेडीं, घरांतील जीं मंडळी मोटार चालवितात त्या सर्वांनीं, सुनांनींहि, दोन्ही पेट्या एकदां उघडून पाहाव्यात. वायपर, पुढील दिवे, हॉर्न व पंखा ह्या चौघांचे क्रमांक मराठींत एका कागदावर लिहून तो विजेरीसह कप्प्यांत ठेवावा. त्याच आंकड्यांचे दोन-दोन फ्यूज बरोबर असावेत. नवा बसविलेला फ्यूज लागलीच पुन्हां उडाला तर तिसरा घालूं नये. वायपर किंवा दिवे त्याच फ्यूजवर असले व पाऊस वा अंधार असला, तर मोटार कडेला घेऊन मदत बोलवावी. एरवीं ती जागा रिकामी ठेवून कारागिराकडे जावें. फ्यूज उडाला त्या क्षणीं कोणतें बटण दाबलें होतें तें त्या कागदावर टिपून ठेवावें, कारण तो प्रथम तेंच विचारील.