म्हातारचळ कीं वात?

घरांतील वडीलधारें माणूस एकाएकीं असंबद्ध बोलूं लागलें किंवा ग्लानींत पडून राहूं लागलें, तर 'म्हातारचळ' म्हणून स्वस्थ बसणें युक्त नव्हे. स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू, महिन्यांमागून महिने वाढतो. दोन-चार दिवसांत उद्भवून घटकेंत कमी, घटकेंत अधिक होणारा भ्रम म्हणजे ज्यास आपण 'वातांत बरळणें' म्हणतों तो. त्याचें मूळ शरीरांत असतें: मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तांतील सोडियमची घट, एखादें नवें औषध. डॉक्टर रुग्णास बारा महिने उलट क्रमानें म्हणावयास सांगतात; अवधान ढळलें, तर संशय बळावतो. परंतु 'केव्हांपासून?' याचें उत्तर घरच्यांनींच द्यावयाचें असतें. तेव्हां वाचकहो, आरंभाची वेळ व चालू औषधें टिपून त्याच दिवशीं रुग्णालय गाठावें. कारण हातीं लागल्यास हा भ्रम पुष्कळदां ओसरतो. विलंब मात्र प्राणांवर बेतूं शकतो.