शोधपत्रकारितेचे शिक्षण

१९८१ साली महाराष्ट्रातील सिमेंटवाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध ‘इंडियन एक्सप्रेस’ने उजेडात आणला. जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. तो हिशेब बव्हंशी एका राज्याच्या दप्तरात सापडण्याजोगा होता. आज पैसा इतका घरकोंबडा राहिलेला नाही. २०१६ साली बाहेर आलेल्या पनामा प्रकरणातील सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रांचा उलगडा करण्यास अनेक देशांतील ३५० हून अधिक पत्रकारांना एकत्र यावे लागले.

२००१ साली कोपनहेगन येथे प्रथम भरलेल्या जागतिक शोधपत्रकारिता परिषदेचे महत्त्व यातून ध्यानी येते. आर्थिक कागदपत्रे वाचावीत कशी, कंपन्यांच्या नोंदी धुंडाळाव्यात कशा, याचे धडे तेथे मिळतात. परदेशी सहकाऱ्यांशी परिचयही होतो. उद्या दुसऱ्या देशातील एखादी नोंद पडताळावयाची झाल्यास तोच कामी येतो.

विकसनशील देशांतील पत्रकारांना परिषदेसाठी शिष्यवृत्त्याही मिळतात. परंतु इंग्रजीची सवय नसलेला तालुक्याचा वार्ताहर तेथवर पोहोचणार कसा? पतसंस्था बुडते तेव्हा शिक्षक-कारकुनांची आयुष्यभराची पुंजी जाते. तिचा ताळेबंद वेळीच वाचणारा वार्ताहर त्याच गावात हवा. हे शिक्षण मराठीतून देण्याची जबाबदारी विद्यापीठांनी व वृत्तपत्रांनी उचलली पाहिजे. परिषदेहून परतणाऱ्यांनी तेथील विद्या जिल्ह्याजिल्ह्यांत नेली, तरच त्या प्रवासाचे सार्थक होईल.