डांबरात पऱ्हाटी, पण भाव काय?



डिसेंबर 2024 मध्ये नागपूरजवळ मनसरला राष्ट्रीय महामार्ग 44 चा एक तुकडा खुला झाला. त्याच्या डांबरात 15 टक्के लिग्निन आहे. काडीला ताठ ठेवणारा तो हा पदार्थ. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचा हा प्रयोग. आता अन्नदात्याला डांबरदाता म्हणायची तयारी चालली आहे. पदव्या आम्हाला पुष्कळ मिळाल्या!

लिग्निनचा दुसरा उपयोग जुना आहे, आणि गावरस्त्याच्या जास्त कामाचा. डांबर दीडशे अंशांपर्यंत तापवल्याशिवाय खडीला नीट धरत नाही. इमल्शनमध्ये तेच डांबर बारीक थेंबांनी पाण्यात तरंगते; रस्त्यावर भट्टी लागत नाही. थेंब एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्यस्थ लागतो, एका अंगाने डांबर धरणारा, दुसऱ्या अंगाने पाणी. प्रक्रिया केलेले लिग्निन हे काम करते. खडीवर पडताच पाणी सुटते, तपकिरी रंग काळा होतो. इंडियन रोड्स काँग्रेसने अशा थंड मिश्रणाची मार्गदर्शिका 2014 मध्येच काढली आहे.

यात सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय? इमल्शनपुरते बोलायचे तर फार थोडे. टनभर इमल्शनला असा पदार्थ काही किलोच लागतो. पऱ्हाटीत लिग्निन चौथ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे गाडीभर पऱ्हाटीत कितीतरी टन इमल्शन निघेल. खरी मागणी आली तर मनसरसारख्या मिसळीतून येईल.

तेव्हा गिऱ्हाईक म्हणेल, हा तर तुमचा कचरा. आमच्या घरी तो चुलीचे सरपण आहे. उपटायची मजुरी आहे. शिवाय पऱ्हाटी हलकी. ट्रॉली भरते, वजन भरत नाही, भाडे मात्र पुरे. म्हणून भाव बांधावरचा, कोरड्या वजनाचा ठरला पाहिजे आणि तुकडे करायचे यंत्र गावात आले पाहिजे. कडब्याला कोणी हात लावू नये. दुष्काळी साली मंगळवेढ्याचा शेतकरी ज्वारीइतकाच कडब्याकडे बघून पेरतो.

आणि काळ्या रानातला रस्ता फुगतो, भेगाळतो तो खालच्या मातीने. भराव कच्चा असेल तर वर कसलेही डांबर ओता. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला पहिला प्रश्न भरावाचा विचारायचा, पऱ्हाटीचा नंतर.