बेगमीचा आनंद कोणाचा?

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचे दिवस महाडकडच्या सावित्री नदीच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावांत आगोटीच्या बेगमीचे असतात. कौले चाळायची, सरपण पडवीत रचायचे, मसाल्याच्या मिरच्यांना ऊन द्यायचे, आमसुले वाळवायची, सुकट-बोंबील निवडून भरून ठेवायचे, आणि हे सारे चालू असतानाच भाजून ठेवलेल्या राबावर भात पेरण्यासाठी आभाळाकडे नजर लावायची, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

याच सुमारास चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतो. पण तो येतो पाहुण्याच्या नात्याने. आंब्यांची चौकशी करावी, दुपारी पडवीत लवंडावे आणि तिखटाचा ठसका लागला की कुरकुरावे, एवढाच त्याचा त्या घरच्या कामकाजाशी संबंध उरतो. संसारातले सुख सणाच्या तारखेला, पगारवाढीला किंवा मुलांच्या निकालाला बांधून टाकायचे आणि मधल्या दिवसांना केवळ वाटखर्च समजायचे, ही जी वृत्ती आज घरोघर दिसते, तिचेच हे एक रूप होय.

वास्तविक फळावर सर्व भरवसा ठेवण्यातील अविवेक महाडच्या रहिवाशाला तरी वेगळा सांगावा लागू नये. डोंगरातून सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी उतरावे आणि त्याच घटकेस खाडीला भरती यावी, की पुराचा निचरा खुंटतो. २२ जुलै २०२१ रोजी सारे महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा नदीकाठच्या कित्येक खाचरांतली नुकती लावणीही गेली. पंचनाम्याच्या कागदावर नुकसानीची नोंद होते; पण चिखलात वाकून चार माणसांनी एका ओळीत आवण लावताना जी थट्टामस्करी केली, जे भांडण मिटवले, जी गोष्ट लेकराला सांगितली, त्या साऱ्याचा जमाखर्च पीक हाती येण्यावर अवलंबून नसतो.

महाडच्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बाह्य कर्माला अंतःकरणाची जोड मिळाली म्हणजे कर्माचे ओझे वाटत नाही, हा त्या प्रवचनांतील विचार मठापेक्षा माजघरालाच अधिक लागू पडतो, असे माझे मत आहे.

तथापि या मताचा गैरवापर फार सोपा आहे, आणि तो पुरुषांनी पुष्कळ केला आहे. जी स्त्री पहाटेपासून चुलीपाशी आहे, जिने मिरच्या निवडल्या, कांडल्या आणि हातांची आग सोसली, तिला श्रमातील आनंदाचा उपदेश करणे हा उपदेश नव्हे, अन्याय होय. एकटीच्या माथी मारलेल्या कामात रस कोठून उत्पन्न व्हावा? तयार मसाल्याची पुडी आणून तिने आपले कष्ट वाचवले, तर तो तिचा हक्क आहे, आणि गतकाळाच्या गोडव्याने त्यास दोष देण्याचा अधिकार पडवीत बसून राहिलेल्या कोणासही नाही. कामातला आनंद हा कामाच्या वाटणीनंतरचा प्रश्न आहे. आधी वाटणी, मग रसग्रहण.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. मे महिन्यात गावी येणाऱ्याने आपल्या रजेतले चार दिवस बेगमीच्या नावे लावावेत. शहरात राहणाऱ्याने वर्षाचे धान्य निवडण्याची किंवा रोजच्या भांड्यांची पाळी स्वतःकडे घ्यावी. मुलांनाही हाताशी घ्यावे, त्यांनी निम्मे सांडले तरी रागावू नये, आणि काम लवकर उरकण्याची घाई त्या दिवसापुरती सोडावी. सोबतीने केलेल्या कामात बोलणे आपोआप निघते, अबोलाही सैल होतो, आणि नेमके याचसाठी तर माणूस संसार मांडतो.