आमच्यात जॅझ चालत नाही

'आमच्यात कांदा-लसूण चालत नाही' असे सांगणारी घरे मी समजू शकतो. पण गेल्या रविवारी आमच्या अप्पांनी भर बैठकीत 'आमच्यात जॅझ चालत नाही' असे जाहीर केले आणि शेंगाचटणीची बशी बाजूला सारून ते चक्क उठून गेले, हे मात्र अजून माझ्या गळी उतरत नाही.

बैठक म्हणजे तरी काय हो? सोलापुरात रविवारी संध्याकाळी नळाला पाणी येणार नसेल तर आम्ही पाच-सहाजण माझ्या माडीवर जमतो. (येणार असेल तर साक्षात तानसेनालाही बादलीच धरावी लागेल!) ज्याने त्याने आपली आवडती तबकडी आणायची, आणि ती संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचे नाही, एवढाच नियम. अप्पा नेहमी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आणतात. उन्हाची झळ लागू नये म्हणून तबकडी भर मे महिन्यातही चादरीत गुंडाळलेली!

त्या दिवशी मी लुई आर्मस्ट्राँग लावला. १९२७ सालचे 'मेलंकली ब्लूज'. तबकडी संपताच अप्पा कडाडले, "तीन मिनिटांत वाजवून मोकळे! ह्याला काय संगीत म्हणायचं?"

अहो अप्पा, तुमची झिंझोटी किती मिनिटांची? अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचीच मुळी तीन-साडेतीन मिनिटे. गौहर जान १९०२ साली कलकत्त्यात भोंग्यापुढे गायली, तेव्हापासून आपले गवई तासाभराचा राग तेवढ्यात बसवत आले. शिकागोत वाजवणाऱ्या आर्मस्ट्राँगलाही तेवढीच जागा मिळाली. यंत्राने कोणाचे घराणे विचारले नाही. ते तुम्ही विचारता!

बरे, १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आकाशात धाडली आणि तीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे अप्पाच आम्हाला दर दोन महिन्यांनी छाती फुगवून सांगतात. त्याच तबकडीवर हेच 'मेलंकली ब्लूज' आहे, हे मात्र गुलदस्त्यात! शिवाय तीत ब्लाइंड विली जॉन्सन आहे. त्याचे गाणे १९२७ सालीच डलासमध्ये मुद्रित झाले. ब्लूजच्या वळणाचे. त्यात शब्दच नाहीत. गिटार आणि घशातून निघणारे एक हुंकारणे. रात्री दिवा मालवून ऐकावे, आणि मग तो कोणत्या देशाचा ते सांगावे. शेजारी बाख आहे, बेथोव्हेन आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई या सगळ्यांबरोबर एका पंगतीत बसून पन्नास वर्षे होत आली. व्हॉयेजर-१ तर आता २४०० कोटी किलोमीटरांच्याही पलीकडे गेले आहे. तिथे कोणी पानावरून उठल्याचे ऐकिवात नाही.

हे सगळे मी परवा अप्पांना फोनवर ऐकवले. ते शांतपणे म्हणाले, "बसवताना बाईंना विचारलं होतं का कुणी?"

मी गप्प. चाळीस वर्षांच्या मैत्रीत या गृहस्थाने मला असे कितीदा गप्प केले आहे, त्याची मोजदाद नाही.

पण रागाच्या भरात ते आपली झिंझोटी माझ्याकडेच विसरून गेलेत. चादरीसकट. ती न्यायला त्यांना माडी चढावीच लागेल. तोवर मी ती लावणार नाही. आर्मस्ट्राँग मात्र यंत्रावर चढवून ठेवला आहे.